पेटमध्ये पेटलेली गाठ आणि ‘हायबरनोमा’ असा रिपोर्ट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पत्नीचं वय ३६. उजव्या मांडीत पुढच्या बाजूला दीड-दोन वर्षांपासून सावकाश वाढत गेलेली, न दुखणारी गाठ, आता साधारण ९ सेंटिमीटर. एमआरआयच्या रिपोर्टात लिहिलंय, ‘चरबीयुक्त गाठ, पण पूर्णपणे चरबीसारखी नाही, लायपोसार्कोमा नाकारता येत नाही’. लायपोसार्कोमा म्हणजे चरबीचा कर्करोग. मग पेट स्कॅन झाला. त्यात गाठ लख्ख पेटली, एसयूव्ही १४ (टोचलेली साखर गाठीने किती ओढली त्याचं माप). आणि आता ट्रूकट बायोप्सीचा, म्हणजे जाड सुईने काढलेल्या तुकड्याचा, रिपोर्ट आलाय, ‘हायबरनोमा, साधी गाठ’. सर्जन म्हणतात काळजी करू नका, काढून टाकू. तुम्ही विचारताय की एवढ्याशा तुकड्यावर विश्वास ठेवायचा, की स्कॅनवर?

माझं मत आधीच सांगून टाकते. हे तिन्ही रिपोर्ट एकमेकांशी भांडत नाहीयेत, एकाच गाठीबद्दल बोलतायत. मी पॅथॉलॉजिस्ट, पण तुमची स्लाइड पाहिलेली नाही, तेव्हा ‘हायबरनोमाच आहे’ असा शिक्का इथून मारणार नाही. पण मांडी, छत्तिशी, संथ वाढ, अर्धवट चरबीसारखा एमआरआय आणि भडकलेला पेट हे सगळं एकत्र समोर आलं असतं, तर बायोप्सीच्या आधीच मी यादीत हायबरनोमा बराच वर लिहिला असता.

आता का, ते सांगते. जरा लांबेल.

आपण ज्याला चरबी म्हणतो ती पिवळी चरबी, साठवणुकीची. शरीरात दुसरी एक चरबी असते, तपकिरी. तिचं काम साठवणं नाही, जाळून ऊब तयार करणं. तान्ह्या बाळाला थंडीत कुडकुडून ऊब आणता येत नाही, म्हणून त्याच्या पाठीत खांद्यांच्या फऱ्यांमध्ये आणि मूत्रपिंडांभोवती ही तपकिरी चरबी असते. शीतनिद्रा घेणाऱ्या प्राण्यांमध्ये ती भरपूर असते. मोठ्या माणसांत ती जवळजवळ संपते असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. ते चूक निघालं. मानेत, गळपट्टीच्या हाडावर, छातीत मणक्यालगत ती मोठेपणीही टिकून असते आणि काम करते, हे २००९ मध्ये पेट स्कॅनच्याच मदतीने पक्कं झालं. या तपकिरी चरबीच्या पेशींची गाठ म्हणजे हायबरनोमा. १९०६ मध्ये मेर्केल यांनी तिचं वर्णन केलं. १९१४ मध्ये जेरी यांनी, शीतनिद्रेतल्या प्राण्यांच्या चरबीशी साम्य बघून, तिला हे नाव दिलं. नावात ‘ओमा’ आहे म्हणून घाबरू नका, लायपोमातही, म्हणजे चरबीच्या नेहमीच्या साध्या गाठीतही, तो आहेच.

पेटमध्ये काय होतं? किरणोत्सारी खूण लावलेली साखर टोचतात आणि ती कुठे जास्त ओढली जाते ते बघतात. कर्करोगाच्या पेशी हावरट असतात, म्हणून त्या उजळतात. पण तपकिरी चरबीचा धंदाच मुळी इंधन जाळण्याचा. तिच्या पेशी मायटोकाँड्रियांनी खच्चून भरलेल्या असतात (तपकिरी रंगही बराचसा त्यांचाच) आणि त्यात एक खास प्रथिन असतं, जे त्या जळणाची सरळ उष्णता करतं. म्हणून तीही साखर ओढते. पेट सेंटरमध्ये इंजेक्शननंतर तुमच्या पत्नीला पांघरूण दिलं असेल, आठवून बघा. माणूस गारठला तर मानेतली निरोगी तपकिरी चरबी पेटते आणि स्कॅन वाचणाऱ्याला चकवते, म्हणून ही खबरदारी. तेव्हा अख्खी गाठच या चरबीची असेल तर ती दिवाळीसारखी उजळणार. हायबरनोमात १४ हा आकडा बघून माझी भुवईही हलणार नाही.

उलट एक गंमत सांगते. चरबीच्या कर्करोगातला जो सगळ्यात सौम्य प्रकार आहे, तो पेटमध्ये मंदच असतो. तो बिघडून आक्रमक झाला की मग उजळतो. त्यामुळे ‘जितकी गरम तितकी वाईट’ ही शिडी चरबीच्या गाठींना साधारण लागू पडते, आणि हायबरनोमा ती शिडी मोडतो. त्याच्यामुळेच रेडिओलॉजिस्टचा हात थरथरतो. त्यांना दोष देऊ नका. एमआरआयमध्येही तोच प्रकार. साधा लायपोमा कातडीखालच्या चरबीशी तंतोतंत जुळतो, आणि चरबीचा सिग्नल दाबणाऱ्या चित्रांत तिच्याबरोबरच काळा पडतो. हायबरनोमा कातडीखालच्या चरबीपेक्षा एखादी छटा मंद दिसतो, दाबला तरी पुरता काळा पडत नाही, आणि त्यातून जाड, वळणावळणाच्या रक्तवाहिन्या जाताना दिसतात. हीच लक्षणं लायपोसार्कोमाचीही. ‘नाकारता येत नाही’ हे वाक्य तिथे प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ ‘तुकडा घ्या’ एवढाच. तो घेतला गेला, उत्तम झालं.

आता तुकडा. ट्रूकटचे तुकडे शेवयांसारखे असतात, एक-दीड सेंटिमीटर लांबीचे. तुम्ही म्हणता तसा एवढासाच. पण त्यातही हजारो पेशी असतात. स्लाइड बनवताना अल्कोहोल आणि झायलीनमध्ये चरबी विरघळून निघून जाते, त्यामुळे आम्हाला चरबी दिसतच नाही, तिची रिकामी जागा दिसते. पिवळ्या चरबीची पेशी म्हणजे एक मोठं रिकामं वर्तुळ आणि कडेला दाबून बसवलेलं चपटं केंद्रक. हायबरनोमाची पेशी वेगळी. तिच्यात एक मोठा थेंब नसून असंख्य बारीक थेंब असतात, त्यामुळे ती तळलेल्या अनारशासारखी जाळीदार दिसते. थेंबांच्या मधली जागा दाणेदार, गुलाबी, म्हणजे मायटोकाँड्रिया. आणि केंद्रक छोटं, गोल, मधोमध किंवा जरासं बाजूला, शांत. शांत हा शब्द आम्ही खरोखर वापरतो. केंद्रकं एकमेकांसारखी, काळवंडलेली नाहीत, आकार वेडावाकडा नाही. अशा पेशी भरगच्च असतील तर हायबरनोमा ओळखायला इम्युनोचे रंगही (ठरावीक प्रथिनं दाखवणारे खास रंग) फारसे लागत नाहीत.

मग चूक कुठे होते? त्या जाळीदार पेशीतच होते. पुस्तकात शिकवतात, लायपोसार्कोमा ओळखायचा तो लायपोब्लास्टवरून. लायपोब्लास्ट म्हणजे अनेक थेंब असलेली पेशी, थेंबांनी तिचं केंद्रक दाबून त्याच्या कडा कुरतडल्यासारख्या झालेल्या. विद्यार्थी हे इतकं घट्ट धरून ठेवतात की थेंबवाली पेशी दिसली रे दिसली की ‘मॅडम, लायपोसार्कोमा!’ हायबरनोमात अशा पेशी असतातच. बाळांच्या लायपोब्लास्टोमात असतात, तो साधा. कॉन्ड्रॉइड लायपोमा नावाची एक दुर्मिळ गाठ १९९३ मध्ये वेगळी ओळखली गेली, त्यात असतात, तीही साधी. सिलिकॉन टोचलेल्या जागी तर गाठ नसतानाही त्यांच्यासारख्या पेशी जमतात. निरोगी चरबीचा काप जरा जाड पडला तरी केंद्रकात भोक पडल्यासारखं दिसतं, त्याला आम्ही लॉखकेर्न हा जर्मन शब्द वापरतो, आणि नवखा माणूस त्यालाही फसतो. एकट्या पेशीवरून या गाठींचं निदान होत नाही. कोणत्या वयाच्या माणसात, शरीरात कुठे, किती खोल, हे माहीत नसेल तर मी चरबीच्या गाठीची स्लाइड बघायलाच घेत नाही. फॉर्म आधी, मायक्रोस्कोप नंतर.

हे मी कुठे शिकले ते सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी बाहेरून एक केस सल्ल्यासाठी आली. काखेतली गाठ, बाहेरचा रिपोर्ट मिक्सॉइड लायपोसार्कोमा, आणि आई-वडील केमोथेरपी कधी सुरू करायची ते विचारायला आलेले. स्लाइडमध्ये चिकट, जेलीसारखा भाग, नाजूक रक्तवाहिन्यांचं जाळं, मध्ये थेंबवाल्या पेशी. चित्र खरोखरच मिक्सॉइड लायपोसार्कोमाशी जुळत होतं. मी फॉर्म बघितला. वयाच्या रकान्यात ‘१४ एम’. पहिल्या पॅथॉलॉजिस्टने वाचलं, १४ वर्षं, मेल. आणि चौदाव्या वर्षी हा कर्करोग होऊ शकतो, पौगंडावस्थेत लायपोसार्कोमा झालाच तर बहुधा याच प्रकारचा होतो. वडिलांना विचारलं, मुलगा कितवीत आहे? ते माझ्याकडे बघतच राहिले. बाहेर बाकावर आजीच्या मांडीवर चौदा महिन्यांचं बाळ झोपलं होतं.

एम म्हणजे मंथ्स होतं. इतक्या लहान बाळात मिक्सॉइड लायपोसार्कोमा जवळजवळ होतच नाही, आणि लायपोब्लास्टोमा बहुतेक वेळा तीन वर्षांच्या आतच होतो. परत स्लाइड बघितली तर मघाशी दिसूनही न जाणवलेली गोष्ट दिसली. पेशींचे नीट कप्पे होते, मध्ये तंतूंचे पडदे, आणि प्रत्येक कप्प्याच्या मध्यभागी चरबी पिकत चाललेली. पुढे जनुकाची तपासणी केली. लायपोब्लास्टोमातला पीएलएजी१ चा बदल सापडला, मिक्सॉइड लायपोसार्कोमातला डीडीआयटी३ चा सापडला नाही. पोरगं केमोशिवाय घरी गेलं. मी तेव्हापासून आमच्या फॉर्मवर वयाचा रकाना शब्दांत भरायला लावते. स्टाफ कुरकुर करतो.

गाठीच्या पत्त्याचंही, म्हणजे ती शरीरात कुठे आहे त्याचंही, तसंच. पन्नाशी उलटलेला पुरुष, मानेच्या मागे किंवा खांद्यावर कातडीखाली गाठ, आणि रिपोर्टात ‘विचित्र मोठी केंद्रकं’ लिहिलेली असली, तर माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं स्पिंडल सेल किंवा प्लिओमॉर्फिक लायपोमा. १९७५ आणि १९८१ मध्ये वर्णन झालेली ही साध्या गाठींची जोडी. काथ्याच्या तुटक्या धाग्यांसारखे जाड तंतू, आणि प्लिओमॉर्फिकमध्ये फुलाच्या पाकळ्यांसारखी गोलाकार मांडलेली केंद्रकं. भीतिदायक दिसणं हाच तिचा स्वभाव. तीच केंद्रकं पोटाच्या मागच्या भागातल्या २० सेंटिमीटरच्या गाठीत दिसली तर मात्र मी सर्जनला त्याच दिवशी फोन करीन. पोटात मागे असलेली चरबीची मोठी गाठ तपासणीने सिद्ध होईपर्यंत साधी समजायची नाही, हा आमच्यातला जुना कायदा.

आता तुमच्या पत्नीकडे येते, कारण ‘विश्वास ठेवू का’ याचं उत्तर इथे आहे. मांडीतल्या खोल गाठीत हायबरनोमाशी गल्लत होण्यासारखे कर्करोग मुख्यतः दोन.

पहिला, चरबीच्या कर्करोगातला तो सौम्य प्रकार. हातापायात असेल तर त्याला हल्ली अटिपिकल लिपोमॅटस ट्यूमर म्हणतात. यात बाराव्या गुणसूत्राचा एक तुकडा भरमसाट वाढलेला असतो आणि त्यावर एमडीएम२ हे जनुक असतं. निरोगी पेशीत त्याच्या दोन प्रती. फिश नावाच्या तपासणीत काळ्या पडद्यावर दोन चमकते ठिपके दिसायला हवेत, तिथे या गाठीत रांगोळीची डबी सांडल्यासारखा पुंजका दिसतो. हायबरनोमात हे नसतं, त्याचे बदल अकराव्या गुणसूत्रावर असतात. अडचण अशी की या कर्करोगातही क्वचित तपकिरी चरबीसारख्या पेशींचे पुंजके सापडतात. म्हणून खोल आणि मोठ्या गाठीच्या छोट्या तुकड्यावर मी स्वतः एमडीएम२ फिश सुचवते. तुमच्या पॅथॉलॉजिस्टनी केलं नसेल तर त्यांनी निष्काळजीपणा केला असं समजू नका. चित्र ठसठशीत असेल आणि वय कमी असेल तर अनेक अनुभवी लोक ते करत नाहीत. साठीच्या माणसात १५ सेंटिमीटरची गाठ असती तर मात्र मी आग्रहच धरला असता. आणि जरी तोच प्रकार निघाला, तरी हातापायातला हा ट्यूमर बिघडून आक्रमक होत नाही तोवर शरीरात दुसरीकडे पसरत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण रात्री दोन वाजता तुम्ही सगळ्यात वाईट तेच वाचत बसणार, आणि मोबाइलवर लायपोसार्कोमाचे सगळे प्रकार एकाच टोपलीत टाकलेले असतात.

हे रंगाने केलं की फिशने, तेही बघा. एमडीएम२चा इम्युनो रंग स्वस्त आहे, पण मार लागून चरबी कुजली असेल तर तिथे साफसफाईला आलेल्या पेशीही तो रंग घेतात आणि सगळ्यांची झोप उडवतात. निर्णय अडला असेल तर फिशच.

दुसरा कर्करोग म्हणजे मघाचा मिक्सॉइड लायपोसार्कोमा. तुमच्या पत्नीच्या वयात आणि मांडीच्या खोल स्नायूत तो खरोखर होतो, म्हणून मला याची जास्त फिकीर. आणि एमडीएम२ निगेटिव्ह आलं म्हणून हा सुटत नाही, त्याचं जनुक डीडीआयटी३. बायोप्सीच्या रिपोर्टात ‘मिक्सॉइड’ हा शब्द आहे का ते पाहा. हायबरनोमाचाही एक चिकट, मिक्सॉइड प्रकार असतो. तो शब्द असेल तर डीडीआयटी३चं काय झालं ते जरूर विचारा. शब्द नसेल, पेशी दाणेदार, जाळीदार आणि भरगच्च असल्याचं लिहिलं असेल, तर हा प्रश्न जवळपास मिटला. एमआरआयही इथे मदत करतो. मिक्सॉइड लायपोसार्कोमा पाण्यासारखा चमकतो आणि त्यात चरबी जेमतेम असते. तुमच्या रिपोर्टात ‘चरबीयुक्त’ लिहिलंय.

दुसरं मत घ्या, संकोच करू नका. चांगल्या पॅथॉलॉजिस्टला त्याचा राग येत नाही. मी स्वतः अडलेल्या केसेस परळला टाटा मेमोरियलला पाठवत आले आहे. फक्त रिपोर्टाची झेरॉक्स घेऊन फिरू नका, तिच्यावरून कुणी काही सांगू शकत नाही. लॅबमधून स्लाइड आणि पॅराफिनचा ब्लॉक (मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा) दोन्ही मागून घ्या. जनुकाच्या तपासण्या ब्लॉकवरच होतात. बरोबर एमआरआय आणि पेटच्या सीडी, आणि एका कागदावर वय, जागा, कधीपासून, किती मोठी, हे हाताने लिहून द्या. ब्लॉक मेणाचा असतो. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. आमच्याकडे एकदा अकोल्याहून आलेला ब्लॉक पाकिटाला चिकटून बसला होता.

ऑपरेशनबद्दल सर्जन सांगतीलच, माझ्या बाजूचं तेवढं बोलते. हायबरनोमात रक्तवाहिन्या पुष्कळ असतात, तेव्हा त्यांना आधीच कल्पना असलेली बरी. गाठ तुकड्या-तुकड्यांनी खरवडून न काढता आवरणासकट अख्खी निघावी. २००१ मध्ये अमेरिकेच्या सैन्यदलाच्या पॅथॉलॉजी संस्थेतून १७० हायबरनोमांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आजवरच्या मोठ्या अभ्यासांपैकी तो एक. त्यात सर्वांत जास्त गाठी मांडीतच होत्या, आणि ज्या रुग्णांचा पाठपुरावा करता आला त्यांच्यापैकी कुणाचीही गाठ परत आली नाही.

आणि काढलेली गाठ पूर्ण तपासायला गेली पाहिजे. ‘बायोप्सी झाली आहे, आता परत कशाला’ असं म्हणून ती टाकून दिल्याचं मी पाहिलंय. ‘चरबीचीच तर होती’ म्हणून बादलीत गेलेल्या गाठी तर मोजायच्याच नाहीत, आणि त्यांतल्या काही दोन वर्षांनी परत उगवून माझ्या टेबलावर आल्या आहेत, तेव्हा पहिली काय होती ते सांगायला काहीच शिल्लक नसतं. बरणी मोठी हवी, गाठीच्या दसपट फॉर्मलिन, सलाइन नको. ९ सेंटिमीटरची गाठ छोट्या बरणीत कोंबली तर फॉर्मलिन आतपर्यंत पोचत नाही, आणि मधला भाग खराब झालेला येतो.

ती बरणी आमच्या ग्रॉसिंगच्या, म्हणजे गाठ कापून तपासायच्या, टेबलावर आली आणि गाठ मधोमध कापली, की साधा लायपोमा लोण्यासारखा पिवळा दिसतो. हायबरनोमा कापला की आतून फिक्या गुळाच्या रंगाचा, जरा स्पंजासारखा निघतो. पत्नीच्या अंतिम रिपोर्टात कापल्यावर दिसलेल्या रंगाचं वर्णन असेल, ती ओळ वाचा. आणि गाठीच्या वेगवेगळ्या भागांतून किती तुकडे घेतले तेही बघा. मी साधारणपणे दर सेंटिमीटरला एक घेते, वेगळा दिसणारा भाग असेल तर त्याचे जास्त. तिथेही सगळीकडे त्याच शांत पेशी दिसल्या, की मग त्या १४ आकड्याची फाइल माळ्यावर टाकायला हरकत नाही.